पडद्यावरचं टिंब

आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर येण्याआधी त्याचा कूलर आला. नवरदेवाच्या आधी घोडा दारात यावा तसं ते झालं, आणि या घोड्याला रोज दोन घागरी पाणी लागायचं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मॅनेजरसाहेबांना बजावून सांगितलं होतं की खोली गार नसेल तर मशीन चालू करायचं नाही, बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. जाताना त्यानं भिंतीवर एक थर्मामीटर टांगला आणि त्यावर लाल पेन्सिलनं रेघ मारून दिली. पारा रेघेच्या वर गेला की मशीन बंद. त्यामुळे लेखा विभागाशेजारची जुन्या पावतीपुस्तकांची खोली रिकामी झाली, खिडकीत कूलर बसला आणि त्या उन्हाळ्यात भूम-परंडा भागातली सगळ्यात गार जागा एका पेटीच्या वाट्याला आली.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं आणि उन्हाळा दुष्काळाचा होता. कारखान्याच्या कॉलनीत टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो यायचा तेव्हा यायचा. माझी आई रांगेत घागरी लावून उन्हात बसायची आणि ऑफिसचा शिपाई मध्येच घुसून कूलरसाठी दोन घागरी भरून न्यायचा. त्यावरून रांगेतल्या बायका काय काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईचं बोलणं मात्र मला रोज घरी ऐकावं लागायचं, कारण त्या पेटीचं माणूस मी होते.

"तुज्या पेटीला दोन घागरी, आन जित्या माणसाला एक," आई म्हणायची. "एवढं पाणी पिऊन ती करती काय?"

"अजून काही करत नाही. अजून तिच्यात प्रोग्राम टाकायचाय."

"म्हंजी नुसतीच पिती."



मी बार्शीला बी.कॉम. झाले होते आणि नंतर पुण्याला मामाकडे राहून कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स केला होता. बाबा कारखान्यात फिटर. त्यांनी कुणाकुणाला सांगून मला टायपिस्ट म्हणून तात्पुरतं चिकटवलं, आणि कॉम्प्युटर आल्यावर तो कुणाला येतो अशी विचारणा झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ऊस नाही म्हणून तात्पुरती माणसं कमी करायचं चाललं होतं. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं की येत्या सोमवारी संचालक मंडळाची बैठक आहे, त्यात हे मशीन काम करताना दिसलं तर तुम्हाला कायम करायचं मी मांडतो. नाही दिसलं तर मशीन पुण्याला परत आणि तुम्ही घरी.

घरी म्हणजे मुरुमला. तिथून एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत क्लार्क होता, माणसं बरी होती, पण सुनेनं नोकरी करायची नाही हे त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं होतं. बाबांनी "पोरीच्या नोकरीचं एकदा ठरू द्या, मग कळवतो," असं म्हणून वेळ काढली होती. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मला त्या पेटीसमोर बसायचं होतं, एवढंच खरं होतं. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पेटीसाठी मुरुमचं स्थळ नाकारणारी मुलगी आमच्या कॉलनीत कुणालाच समजली नसती.

मशीन नुसतं आलं होतं. त्यात माहिती साठवायचा प्रोग्राम, म्हणजे डेटाबेस, वेगळा विकत घ्यावा लागतो हे ऑर्डर देताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग पुन्हा पत्रं गेली आणि बैठकीच्या आधीच्या आठवड्यात एस.टी.च्या पार्सलनं एक खोकं आलं. त्यात काळ्या, चौकोनी, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठ्या पातळ डिस्क होत्या, प्रत्येकीला कागदाचं पाकीट, आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की काहीही करायच्या आधी या सगळ्या डिस्कची नक्कल काढून ठेवा. मी ताबडतोब कोऱ्या डिस्कची मागणी केली. भांडार विभागानं तीन दुकानांची दरपत्रकं मागितली. आमच्या तालुक्यात कोरी डिस्क विकणारं एकही दुकान नव्हतं, तेव्हा तीन कुठून आणायची, हे विचारायला गेले तर भांडारवाले म्हणाले, नियम आहे.

हा डेटाबेस घालायचा होता उसाच्या नोंदींसाठी. कुठल्या गावात, कुठल्या सभासदाचा, किती ऊस उभा आहे हे सगळं तेव्हा मोठाल्या रजिस्टरांत होतं, आणि एका गावाची बेरीज करायची म्हटली तरी दोन क्लार्क दुपार घालवायचे. डेटाबेसला नुसतं विचारलं की तो सांगतो, असं मी मॅनेजरसाहेबांना सांगून बसले होते. कोर्समध्ये मी ते पाहिलं होतं. स्वतः बसवलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आता हेडक्लार्ककाकांबद्दल सांगायला हवं. काका मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांच्या वाट्याला देवळातल्या पाळीऐवजी कारखान्यातली खुर्ची आली होती, पण हात पुजाऱ्याचेच राहिले होते. वजनकाटा, जीप, झेरॉक्स मशीन, काकांच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय आमच्या कारखान्यात काहीही चालू झालेलं नव्हतं. चालू झालेलं नंतर बंद पडायचं, पण काका शांतपणे म्हणायचे की पूजेत काही उणं नव्हतं.

खोकं आल्याचं कळताच ते ताट घेऊन हजर झाले. मागोमाग मॅनेजरसाहेब, लेखा विभाग आणि कूलरच्या गारव्याला आलेले आणखी कितीतरी लोक.

"ह्याला हात तुम्ही लावणार," काका मला म्हणाले, "तेव्हा पूजा तुमच्या हातानं होऊ द्या."

"काका, आमच्यात करत नाहीत."

लेखा विभागानं एकमेकांकडे बघितलं. आमचे आजोबा छप्पन साली धर्म बदलून आले आणि घरातले देव त्यांनी नदीला दिले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून कुणी बोलायचं नाही, अशी आमच्या ऑफिसची पद्धत होती. काकांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. "बरं," ते म्हणाले, "मग मी करतो. तुम्ही जवळ उभ्या राहा म्हणजे झालं."

मी आधीच बजावलं होतं की मशीनजवळ नारळ फोडायचा नाही. काकांनी तो समजूतदारपणे बाहेर पायरीवर फोडला. पेटीला हार घातला, पडद्याला हळद लावली ती कडेच्या प्लॅस्टिकवर. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खोक्याकडे बघून विचारलं, "ह्यातली मुख्य कुठली?"

मला वाटलं, कुतूहल म्हणून विचारतायत. मी मोठ्या ऐटीत पहिल्या नंबरची डिस्क काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती पाकिटातून बाहेर काढली, उलटी केली, सुलटी केली आणि बोट कुंकवात बुडवलं. डिस्कच्या काळ्या कव्हरला एका बाजूला लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. मशीन जे काही वाचतं ते तिथूनच. काकांनी बरोबर तिथे बोट टेकवलं आणि वर चिमूटभर अक्षता सोडल्या.

"काका, तिथं का लावलं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मग कुठं लावायचं?" काका म्हणाले. "कुंकू काय कपड्यावर लावतात? सगळं अंग झाकलेलं. उघडं तेवढंच होतं."

यात खोट काढायला जागा नव्हती. खरं तर ते बोट खाली येताना मी पाहिलं होतं. हात पुढे केलाही होता आणि मागे घेतला होता. आमच्यात पूजा करत नाहीत, म्हणून ही आता दुसऱ्याच्याही पूजेत हात घालते, असं कुणीतरी म्हणेल ही भीती माझ्या हातापेक्षा चपळ निघाली. त्या भीतीचा मला राग आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

"लावा आता," मॅनेजरसाहेब घड्याळ बघत म्हणाले. "मुहूर्त चाललाय."

मी डिस्कवर फुंकर मारली. अक्षता उडाल्या, कुंकू बसलं ते बसलंच. साहेब बघत होते, लेखा विभाग बघत होता. डिस्क आत सारली आणि दांडी खाली केली. गिरणीच्या जात्यात खडा गेल्यावर होतो तसा आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत आलं की वाचता येत नाही, आणि खाली तीन पर्याय: सोडून द्या, परत करून बघा, दुर्लक्ष करा. मी सगळ्यांना मराठीत सांगितलं.

"तिन्ही आपल्याकडं चालतात," लेखापाल म्हणाले. "दुर्लक्ष करा दाबा. आपण एरवी तेच करतो."

मी तिन्ही दाबून पाहिले. मशीननं तीन वेळा खडा भरडला. लोक हळूहळू पांगले, प्रसाद मात्र प्रत्येकानं घेतला.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. दुसरी डिस्क पाठवतो म्हणाले, पण बैठक होऊन गेल्यावर पोचेल. मी फोन ठेवला आणि कूलरकडे तोंड करून उभी राहिले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, असं सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही. मुरुमचं घर मला स्पष्ट दिसायला लागलं होतं. मी ते कधी पाहिलं नव्हतं, तरी.

थोड्या वेळानं काका आले. डोक्यावरची टोपी हातात होती.

"बाई," ते म्हणाले, "आमचं कुंकू आजवर कुणाला बाधलं नाही."

"काका, तुमच्या कुंकवाचा दोष नाही. त्याला धूळसुद्धा चालत नाही."

"आत हे कशाचं असतं?"

"प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर बारीक लेप असतो."

"लेप पाण्यानं जातो?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

काका स्टुलावर बसले. "आमच्या घरी देवीचा चांदीचा टाक आहे. पणजोबांच्याही आधीपासूनचा. रोज कुंकू, रोज धुणं. अजून नाक-डोळे जागच्या जागी आहेत. देव कुंकवानं झिजत नाहीत, घासण्यानं झिजतात. मला धुऊ द्या."

मला ते वेडेपणाचं वाटलं. पण शहाणपणाचं जे होतं ते पुण्याहून उशिरा येणार होतं. शिवाय कुंकू तर त्यांनी लावलंच होतं, आता पाण्यानं आणखी काय बिघडायचं होतं?

अडचण पाण्याचीच निघाली. टँकरचं पाणी गढूळ आणि इतकं जड की वाळलं की भांड्यावर पांढरा थर धरायचं. अख्ख्या भागात स्वच्छ म्हणण्यासारखं पाणी एकाच ठिकाणी होतं, कारखान्याच्या प्रयोगशाळेत, रस तपासायला ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर. केमिस्टनी खूप आढेवेढे घेतले. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी त्यातल्या पाण्याचा चहा केला होता. शेवटी काकांनी आपल्या कुळाची शपथ घेतली की चहा करणार नाही, तेव्हा एक बाटली आणि थोडं स्पिरिट मिळालं.

दुसरी अडचण कव्हरची. चकती धुवायची तर कव्हर कापावं लागणार, आणि मग ती घालायला दुसरं कव्हर हवं. ऑफिसात जास्तीची एकच डिस्क होती. इंजिनिअर ती मागे ठेवून गेला होता आणि तिच्यात रस्त्यावरच्या मोटारी चुकवायचा एक खेळ होता. लेखा विभाग जेवणाच्या सुट्टीत तोच खेळत असे. मी ब्लेड घेऊन आले तेव्हा लेखापालांनी ती डिस्क दोन्ही हातांनी धरून ठेवली. "दुसरं काही चालणार नाही का?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी लेखा विभागानं डबे जरा गप्पगप्पच खाल्ले.

ब्लाऊजची शिवण उसवावी तशी मी दोन्ही डिस्कची वरची कड उसवली. पहिल्या नंबरची चकती हातात आली, पापडासारखी पातळ. काकांनी घरून तांब्याचं ताम्हण आणलं होतं आणि धुऊन धुऊन मऊ झालेला धोतराचा तुकडा. चकती दोन बोटांनी फक्त कडेला धरून त्यांनी वरून पाण्याची बारीक धार सोडली. अंगठा कुठे टेकवला नाही. धार फिरवत, चकती फिरवत, ताम्हणात लाल पाणी उतरत गेलं. काकांचे ओठ हलायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ थांबवले.

"सवय आहे," ते म्हणाले.

"म्हणा की. माझी काही हरकत नाही."

"नको. तुमच्या मशीनची असायची."

मग त्यांनी ती धोतरावर टिपली, पुसली नाही, आणि आम्ही सावलीत दोऱ्याला टांगली. स्पिरिटचा कापूस घेऊन मी मशीनच्या तोंडातला कुंकवाचा अंश काढला. वाळलेली चकती खेळाच्या कव्हरमध्ये सरकवली, कड चिकटपट्टीनं बंद केली. काका दाराशी जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांना आवाज ऐकवणार नव्हता.

मशीननं एकदा ओढ घेतली आणि मग नुसतीच घरघर. खडा नाही. पडद्यावर एकेका फाईलचं नाव उमटत खाली सरकायला लागलं. पहिली डिस्क आत गेली, मशीननं दुसरी मागितली, मग तिसरी. मी देत गेले. शेवटी मी प्रोग्रामचं नाव टाइप केलं. पडदा पुसला गेला, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक टिंब उमटलं. त्याच्या शेजारी एक बारीक रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही. एवढंच यायला हवं होतं. हा प्रोग्राम आपणहून काही बोलत नाही. टिंब दाखवून थांबतो, त्यापुढे आपण हुकूम टाइप करायचा, मग तो कामाला लागतो. मी इतकी खूष झाले की तोंडाला पदर लावून हसले.

काका जवळ आले. आमचा पडदा केशरी अक्षरांचा होता, त्यामुळे टिंबही केशरी, लालसर. त्यांनी ते निरखून पाहिलं.

"राहिलंच का थोडं?" ते म्हणाले. "तरी म्हणत होतो, कुंकू सगळं धुऊन निघत नाही."

पुढचे दिवस मी ईट गावच्या उसाच्या नोंदी भरल्या. सगळी गावं भरायला वेळ नव्हता. ईट मोठं गाव, तिथले एक संचालकही होते, तेव्हा तेच दाखवायचं ठरलं. रोज सकाळी टिंब येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

आणि बैठकीच्या आधी टँकर यायचा बंद झाला. कुठंतरी विहीर आटली, कुठंतरी डिझेल संपलं, दरवेळी वेगळं कारण कानावर यायचं. सोमवारी सकाळी कूलरनं कोरडी, गरम हवा फेकायला सुरुवात केली. पारा लाल रेघेच्या वर गेला होता. संचालकांच्या जीप आवारात लागत होत्या आणि मॅनेजरसाहेब थर्मामीटरसमोर उभे होते.

"चालू करायचं नाही," ते म्हणाले. "बैठकीत जळालं तर मी काय तोंड दाखवू? पुढच्या बैठकीला बघू."

पुढच्या बैठकीपर्यंत मी तिथे असणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.   पाणी नव्हतं.

तेवढ्यात व्हरांड्यात गलका झाला आणि डोक्यावर घागर घेतलेली माझी आई दारात उभी राहिली. ती ऑफिसात कधी आली नव्हती. चपला तिनं पायरीवरच काढल्या होत्या, आणि त्या उन्हात कॉलनीपासून चालत आली होती. बाबांनी तिला फाटकावरून निरोप दिला असणार. ती घागर मी ओळखली. घरात शेवटची भरलेली तेवढीच होती. त्यातलं पाणी सांडू नये म्हणून सकाळी आईनं आम्हाला ओल्या फडक्यानं तोंडं पुसायला लावली होती.

"कुठं वतायचं?" तिनं विचारलं.

शिपायानं कूलर दाखवला. आईनं घागर काठाला टेकवली आणि हळूहळू सगळी रिकामी केली. एक थेंब खाली पडला नाही. मॅनेजरसाहेब थर्मामीटरसमोरून बाजूला झाले.

"एवढ्यात भागंल का?" आईनं मला विचारलं.

"भागेल."

"मग मी भायेर बसते. ऊन लई हाय." ती रिकामी घागर घेऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. तेवढ्यात कूलरनं पहिला गार झोत माझ्या मानेवर सोडला.

पारा रेघेखाली आला तेव्हा संचालक खोलीत शिरले. अध्यक्ष पुढे, बाकीचे मागे दाटीवाटीनं. मी मशीन चालू केलं. टिंब आलं. सगळे वाकून बघत राहिले.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"टिंब आहे, साहेब."

"ते दिसतंय मला. पुढं?"

"पुढं आपण विचारायचं. विचारल्याशिवाय ते बोलत नाही."

"म्हणजे आमच्या संचालकांसारखंच हाय," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले, आणि मलाही जरा धीर आला. "बरं, इचारा. ईटला ऊस किती उभा हाय?"

मी टाइप केलं. टिंबाच्या जागी सभासदांची नावं धडाधड उतरायला लागली आणि शेवटी बेरीज आली. दोन क्लार्कची दुपार एका दमात. मॅनेजरसाहेबांचा चेहरा फुलला. ईटचे संचालक, पांढऱ्या मिशांचे थोराड गृहस्थ, चष्मा पुढे-मागे करत नावं वाचत होते. वाचता वाचता ते थांबले.

"ह्यातला निम्मा ऊस न्हाय आता," ते म्हणाले. "तोडून जनावरांपुढं टाकला लोकांनी. वैरण कुठं हाय?"

 मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय व्हय?" अध्यक्षांनी मला विचारलं.

आता मात्र मला थोडा राग आला. एवढं धुतलं, पुसलं, पाणी पाजलं, आणि खोटं कसं बोलेल ते? "साहेब, मशीन आपल्या रजिस्टरचंच बोलतंय," मी म्हणाले. "रजिस्टर मागं राहिलंय. ईटच्या दादांनी नावं सांगावीत, मी आत्ता काढते."

ईटचे संचालक सांगायला लागले. ते नाव सांगत, मी हुकूम टाइप करत असे, त्या नावापुढे पडद्यावर एक चांदणी उमटत असे.  प्रत्येक चांदणीला कुणाचा तरी मळा मोकळा होत होता आणि खोलीतल्या प्रत्येकाला तो मळा माहीत होता. शेवटी ते जरा थांबले आणि म्हणाले, "माजाबी घाला. म्या परवाच तोडला. गाया हंबरत व्हत्या."

मी त्यांच्या नावापुढे चांदणी टाकली.

"ही चांदणी म्हणजे गेलं का कायमचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब. नुसती खूण आहे. 'रिकॉल' म्हटलं की परत येतं. 'पॅक' म्हटलं की मात्र कायमचं जातं, मग काही केल्या येत नाही."

ईटचे संचालक माझ्याकडे वळले. "पाऊस पडला, बुडख्यातनं खोडवा फुटला, तर परत आणता येईल म्हणता?"

"येईल. पॅक म्हणेपर्यंत कधीही."

ते चष्मा काढून धोतरानं पुसत राहिले. अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पांढरा माळ होता.

"ह्या बाईंशिवाय कुणाला त्या मशीनला हात लावू द्यायचा न्हाय," ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले. "आन बाई, तुमी एवढ्यात पॅक म्हणू नका. पाऊस पडंस्तोवर ऱ्हावा इथंच."

पाऊस पडेपर्यंत, हे ठरावात कसं लिहायचं असा प्रश्न मॅनेजरसाहेबांना पडला. काकांना तो पडला नाही. त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात "कायम करण्यात यावे" एवढंच लिहिलं आणि सहीसाठी पुढे सरकवलं.

मी व्हरांड्यात आले. आई घागरीवर हात ठेवून बसली होती.

"ऱ्हायली का?" तिनं विचारलं. नोकरी असं म्हणाली नाही.

"राहिली."

"मुरुमला काय कळवायचं?"

"नाही म्हणून कळवायचं."

तिनं घागर बाजूला सारली. मग उठली. "दाव बघू काय करती ती पेटी."

मी तिला आत नेलं. संचालक चहाला गेले होते, खोली रिकामी होती. पडदा पुसून मी पुन्हा टिंब आणलं. आई पेटीपुढे उभी राहिली, टिंबाकडे बघितलं, मग कूलरच्या झोतात जरा सरकून पदरानं मानेवरचा घाम टिपला. एवढ्याशा टिंबासाठी एवढं पाणी, असं काहीतरी ती म्हणणार म्हणून मी तयारीत होते.

"उद्यापास्नं रांगंत एक घागर हिच्या नावाची म्याच लावीन," ती म्हणाली. "तो शिपाई मधी घुसतो, ते बरं दिसत न्हाय."